बिस्किटांवरची साखरेची नक्षी

नाताळच्या सुट्टीत घरी लोण्याची बिस्किटे भाजली, की त्यांवर आयसिंग करण्याचे काम मी आवडीने स्वतःकडे घेते. १ वाटी पिठीसाखर मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावी, कारण घरी दळलेल्या साखरेतला एखादा जाडसर कण नक्षी काढायच्या कोनाच्या टोकाशी अडकतो आणि रेघ मध्येच तुटते. पाणी अगदी थोडे-थोडे घालावे. चमच्यावरून पडणारी धार सुमारे १० सेकंदांत मिश्रणात मिसळून दिसेनाशी झाली, की ते पसरवण्याजोगे झाले असे समजावे, आणि कडेच्या रेघेसाठी त्यातलेच थोडे साखर घालून घट्ट करावे. लिंबाच्या रसाचे काही थेंब गोडी सौम्य करतात, शिवाय बिटाच्या रसाचा गुलाबी रंगही खुलवतात.

बिस्किटे पूर्ण थंड होऊ द्यावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे. गेल्या वर्षी कोमट बिस्किटांवर काढलेल्या चांदण्यांचे पाचही कोपरे ओघळून एकमेकांत मिसळले होते. मेंदीच्या कोनासारखा कोन वळून त्याचे टोक सुईच्या अग्राएवढेच कापावे, आधी कड आखावी आणि मग मधला भाग भरावा. सजवलेली बिस्किटे रात्रभर ताटात सुटी ठेवल्यावर सकाळी बोट लावले, तरी नक्षी हलत नाही.