दाबोळीचा सडा

चिपी आणि मोपाचे विमानतळ सुरू होईपर्यंत आम्हा वेंगुर्लेकरांना विमानासाठी गोव्यातली दाबोळीच गाठावी लागे. सकाळचे तिकीट मागितले की एजंट मान हलवून म्हणे, "सकाळी तिथे नेव्हीवाले उडतात, दुपारचे देऊ?" विमानतळ आपला, तो तेवढ्या वेळापुरता प्रवाशांना बंद का, याचा मला बरीच वर्षे राग येत असे.

कोकणात धावपट्टीला लागते एवढी लांब सपाट जागा सड्यावरच, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरच, मिळते. रत्नागिरी, चिपी, मोपा हे सारे विमानतळ जांभ्याच्या सड्यावरच आहेत. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी बांधली आणि तिला युद्धाची झळ लागली ती 18 डिसेंबर 1961 रोजी. गोवामुक्तीच्या कारवाईत त्या सकाळी पुण्याहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या 12 कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी तिच्यावर सुमारे 63,000 पौंड बॉम्ब टाकले, पाठोपाठ आणखी 8 विमाने आली; मात्र विमानतळाची इमारत शाबूत ठेवायची, असा वैमानिकांना हुकूम होता. तरीही त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे घाईघाईने बुजवून दोन मोठी प्रवासी विमाने अंधारात उडवली आणि कराचीकडे नेली. धावपट्टी फोडणाऱ्यांइतकीच ती बुजवणाऱ्यांचीही दखल घ्यायला हवी, असे मला तेव्हापासून वाटते.

पुढे दाबोळी नौदलाकडे आली आणि कोईमतूरजवळच्या सुलूरला सुरू झालेला 'आयएनएस हंसा' हा तळ 1964 मध्ये येथे हलला. विमानवाहू नौका बंदरात उभी असताना तिच्यावरून लढाऊ विमान उडवता येत नाही, कारण उड्डाणाला नौकेचा वेग आणि समोरचा वारा लागतो. म्हणून नौका बंदरात शिरण्यापूर्वीच विमाने किनाऱ्यावरच्या तळावर उतरतात. तेथेच त्यांची दुरुस्ती होते, वैमानिकांचा सराव होतो. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरच्या ज्या सी हॉक विमानांनी 4 डिसेंबर 1971 रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, त्यांचे माहेर दाबोळीच. लढाई बंगालच्या उपसागरात झाली. तिची तयारी मात्र अरबी समुद्राकाठच्या या सड्यावर झाली होती.

आता तेथे नौकेच्या डेकसारखा चढ आणि विमान अडवणारी तार जमिनीवरच उभारलेली आहे. नौदलाचे तेजस लढाऊ विमान 13 सप्टेंबर 2019 रोजी त्या तारेवर थांबले आणि चारच महिन्यांनी, 11 जानेवारी 2020 रोजी, भर समुद्रात 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेवर उतरले. ती बातमी वाचली, तेव्हा एजंटवरचा माझा जुना राग गेला.