डबी भरली, तरी क्षयरोग निसटला

प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगाचं निदान का चुकतं, असं विचारलं की बहुतेकांचं बोट यंत्राकडे जातं. जीनएक्स्पर्ट (थुंकीत जंतूचा डीएनए शोधणारं यंत्र) नाही, एक्स-रे नाही, टेक्निशियन रजेवर. हे खोटं नाही. पण यंत्र आलं तरी निसटणारे रुग्ण निसटतच राहतात, कारण गळती यंत्राच्या आधी आणि नंतर होते. थुंकीची डबी हातात पडण्याआधी रुग्ण हरवतो, डबीत चुकीची गोष्ट पडते, किंवा रिपोर्ट तयार होतो आणि कुणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला, नव्याने निदान होऊन नोंद झाली ती सुमारे ८२ लाखांची. मधल्यांपैकी काहींचं निदान होऊनही नोंद झाली नसेल, पण बाकीच्यांपैकी बरेच कुठल्या ना कुठल्या ओपीडीतून खोकल्याचं औषध घेऊन घरी गेलेले असतात.

सुरुवात ओपीडीच्या टेबलापासूनच करू. नियम सगळ्यांना पाठ असतो: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं. पण रुग्ण यातलं काही या शब्दांत सांगत नाही. तो म्हणतो, अंगात कसकस आहे, जेवण जात नाही, अशक्तपणा आलाय. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला खोकला हा आजार वाटतच नाही. ‘खोकला आहे का?’ याला उत्तर ‘नाही’ येतं. ‘सकाळी उठल्यावर घसा खाकरून बेडका काढावा लागतो का, आणि किती दिवसांपासून?’ असं विचारलं की तोच माणूस ‘तीनेक महिने झाले’ म्हणतो. वजनाचंही तसंच. वजनकाटा कोपऱ्यात असतो, पण मागच्या भेटीचं वजन केसपेपरवर नसेल तर आजचा आकडा मुका आहे. अशा वेळी ‘कपडे सैल झालेत का, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का?’ हा प्रश्न काट्यापेक्षा उपयोगी पडतो.

आणि लक्षणं विचारूनही सगळे सापडत नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या पाहणी-सर्वेक्षणांत थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी कुठलंच ठळक लक्षण सांगितलेलं नव्हतं. म्हणून घरात क्षयरोगी असलेले, मधुमेही, एचआयव्हीबाधित, कुपोषित, पूर्वी क्षयरोगाचे उपचार घेतलेले आणि दगडाच्या धुळीत काम करणारे यांचा छातीचा एक्स-रे लक्षणांची वाट न बघता काढायचा असतो. पंधरा वर्षं आणि त्यावरील व्यक्तींचे एक्स-रे संगणकाने वाचायला २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या केंद्राला त्याचा खरा उपयोग आहे. मात्र तो फक्त चाळणी लावतो. शिक्कामोर्तब थुंकीच्या तपासणीनेच होतं.

याच टेबलावर दुसरी चूक होते ती प्रतिजैविकांची. ‘आधी पाच दिवस औषध देऊन बघू, नाही थांबला तर थुंकी तपासू’ हे वाक्य फार निरागस वाटतं. औषध लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातलं असेल तर ते क्षयरोगाच्या जंतूवरही थोडंफार चालतं. ताप उतरतो, रुग्णाला बरं वाटतं, तो परत येत नाही. आणि आला तर थुंकीतले जंतू इतके कमी झालेले असतात की तपासणी निगेटिव्ह येते. वर त्या गटाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका वेगळाच. प्रतिजैविक द्यावंच लागलं तर दुसऱ्या गटातलं द्या, पण थुंकी पहिल्याच दिवशी घ्या. स्टिरॉइडच्या गोळीचंही हेच: तात्पुरता आराम आणि महिनाभराचा उशीर.

आता डबी. या साखळीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि निदान सगळ्यात जास्त वेळा इथेच बिघडतं.

रुग्णाला डबी देऊन ‘यात थुंकून आणा’ म्हटलं की तो थुंकतो. म्हणजे लाळ आणतो. आपल्याला हवा असतो बेडका, फुप्फुसातून खोकून वर आलेला घट्ट, पिवळसर किंवा हिरवट कफ, तीन ते पाच मिलिलिटर. लाळेत जंतू नसतात किंवा इतके थोडे असतात की तपासणी वाया जाते. सांगायचं ते असं: आधी साध्या पाण्याने चूळ भरा, म्हणजे अन्नाचे कण निघतील. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा श्वास काही क्षण रोखून धरा, मग पोटातून जोर लावून खोका. आलेलं तोंडात न घोळवता थेट डबीत टाका. हे नुसतं सांगू नका, करून दाखवा. नमुना उघड्यावर घ्या, इतर लोकांपासून लांब. संडासात किंवा बंद खोलीत कधीच नाही. तिथे हवा कोंडलेली असते आणि पुढच्या माणसाला धोका असतो.

झाकण लावण्यापूर्वी नर्सने किंवा आरोग्य कार्यकर्तीने डबी उजेडाकडे धरून बघायला हवी. पारदर्शक डबी त्यासाठीच तर असते. तळाशी फेसाळ पाणी दिसलं तर परत खोकायला सांगायचं. ही दोन मिनिटं द्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून प्रयोगशाळेचा अर्धा दिवस लाळ तपासण्यात जातो. तरी एक पथ्य पाळायचं: दोन-तीन प्रयत्नांनंतरही पातळच आलं तर ते फेकू नका, पाठवा आणि फॉर्मवर ‘लाळ’ असं लिहा. क्वचित त्यातही जंतू सापडतात, आणि निगेटिव्ह रिपोर्ट किती गंभीरपणे घ्यायचा हे वाचणाऱ्याला कळतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. चारचौघांत जोरात खाकरणं, बेडका काढणं त्यांना लाजिरवाणं वाटतं, त्यामुळे त्या हळूच थुंकून डबी परत देतात. ओळीपासून दूर आडोशाची मोकळी जागा आणि सोबत एक बाई, एवढ्याने नमुन्याचा दर्जा बदलतो.

नाव-नंबर डबीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. रोज नमुने नेणारं वाहन नसेल तर डबी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. जीनएक्स्पर्टसाठी नमुना ३५ अंशांपर्यंत तीन दिवस चालतो, पण कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्यासाठी, तो उशीर मारक ठरतो, कारण तोंडातले इतर जंतू वाढून सगळं व्यापून टाकतात. खिडकीत उन्हात ठेवलेली डबी तर कशाच्याच कामाची राहत नाही.

सूक्ष्मदर्शकाची तपासणी अजून बऱ्याच ठिकाणी पहिलीच आणि एकमेव असते. कॉखने १८८२ साली जंतू दाखवला, आणि त्यानंतर लगेच आलेली झील-नील्सनची रंगपद्धत आजही चालते. स्वस्त आहे, पण तिचा डोळा मंद आहे: एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असले तरच ते दिसतात. कल्चरमध्ये पॉझिटिव्ह येणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ती सोडून देते. हे झालं पद्धत नीट पाळली तर. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थुंकीचा थर, जाड झाला की धुताना सुटून जातो, पातळ झाला की बघायला काही उरत नाही. कार्बोल फुक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. रंग न गाळता वापरला की स्फटिक जंतूसारखे दिसतात. भिंगाखाली टाकायच्या तेलाच्या बाटलीचं टोक स्लाइडला टेकलं की एकाचे जंतू दुसऱ्याच्या स्लाइडवर जातात. आणि ‘निगेटिव्ह’ म्हणण्यापूर्वी १०० फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) बघायचे असतात, त्याला नीट बघितलं तर पाच ते दहा मिनिटं लागतात. एका माणसाने दिवसाला वीस-पंचविसाच्या वर स्लाइड वाचू नयेत असं म्हणतात ते उगीच नाही. रजिस्टरमध्ये एका दिवसात साठ स्लाइड आणि साठही निगेटिव्ह दिसल्या, तर त्या वाचल्या गेलेल्या नाहीत असं खुशाल समजा. एक ते नऊ जंतू दिसले तर तो मोजलेला आकडा रिपोर्टवर लिहायचा असतो. ‘थोडेच आहेत, जाऊ दे’ म्हणून सोडायचे नसतात. एलईडी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर वाचन बरंच जलद होतं आणि थोडे जास्त रुग्णही सापडतात.

जीनएक्स्पर्ट २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्य झालं, ट्रूनॅट २०२० मध्ये. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या या तपासण्या मिलिलिटरमागे शे-सव्वाशे जंतू पकडतात, जीनएक्स्पर्टची सुधारित ‘अल्ट्रा’ कार्ट्रिज (नमुना घालायची कुपी) तर पंधरा-वीससुद्धा, आणि रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचं मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगतात. तरी २०२३ मध्ये नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी लोकांची पहिली तपासणी अशा जलद पद्धतीने झाली. कारणं रोजची आहेत. कार्ट्रिज २८ अंशांच्या वर साठवायची नसतात, यंत्राच्या खोलीत तीसच्या आत तापमान लागतं, म्हणजे एसी आणि अखंड वीज. बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट इथेच कामाला येतं. चार मॉड्यूलचं (एका वेळी चार कार्ट्रिज घेणारं) जीनएक्स्पर्ट दिवसभरात जेमतेम बारा ते सोळा तपासण्या करतं. त्यातलं एक मॉड्यूल बंद पडलं आणि दुरुस्ती लांबली की पाव क्षमता गेली.

नमुना टाकतानाच्या चुका याहून जास्त. थुंकीच्या दुप्पट रिएजंट (कफ पातळ करणारं द्रावण) घालून जोरात हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, मध्ये एकदा पुन्हा हलवायचं, मग दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये, बुडबुडे न येऊ देता. पंधराऐवजी पाच मिनिटं ठेवलं की कफ घट्टच राहतो, आतला दाब वाढतो आणि स्क्रीनवर एरर २००८ येतो. कार्ट्रिज गेली, रुग्णही घरी गेलेला. ‘एरर’ म्हणजे ‘निगेटिव्ह’ नव्हे, हे सांगावं लागू नये, पण रजिस्टरमध्ये तसं चढवलेलं दिसतं. अल्ट्रावर ‘ट्रेस’, म्हणजे जंतूचा अगदी पुसट माग, आलं की गोंधळ उडतो. मुलांत, एचआयव्हीबाधितांत आणि फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यात तो पॉझिटिव्हच धरायचा. गेल्या काही वर्षांत उपचार घेतलेल्या माणसात मात्र तो मेलेल्या जंतूंचा डीएनए असू शकतो, तिथे लक्षणं, एक्स-रे आणि कल्चर बघून ठरवायचं. याच कारणाने उपचार चालू असताना सुधारणा बघायला ही तपासणी वापरत नाहीत.

खरा घात ‘निगेटिव्ह’ या शब्दाने होतो. निगेटिव्ह म्हणजे या डबीत, या पद्धतीने, आज सापडलं नाही, एवढंच. पण केसपेपरवर तो शब्द चढला की विषय मिटतो. खोकला चालू, वजन उतरतंय, तर एक्स-रे, नवा नमुना, जलद तपासणी आणि दोन आठवड्यांनी परत बोलावणं हे सगळं बाकी असतं.

लहान मुलं बेडका काढत नाहीत, गिळतात. म्हणून त्यांची शौच तपासता येते; जीनएक्स्पर्टवर ते २०२० पासून मान्य आहे. तेही निगेटिव्ह आलं तर संपर्क, वजनवाढ आणि एक्स-रे यांवरून डॉक्टरने उपचार सुरू करायचे असतात. एचआयव्हीच्या पुढच्या टप्प्यात थुंकीत जंतू कमी आणि एक्स-रे फसवा. तिथे लघवीत जंतूचा अंश शोधणारी एलएएम पट्टी २५ मिनिटांत उत्तर देते. मानेच्या गाठीसाठी थुंकी तपासत बसू नका, गाठीतून सुईने पाणी काढा. आणि रक्तातून क्षयरोगाची अँटिबॉडी दाखवणाऱ्या तपासण्या निदानासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलं आहे. माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्तावरची) तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात जंतू शिरला होता एवढंच कळतं. आजार आहे की नाही ते कळत नाही.

शेवटी रिपोर्ट. तो प्रयोगशाळेत तयार होतो, पण रुग्ण तिथे नसतो. फोन नंबर जुना, पत्ता अर्धवट, मजुरीसाठी गाव सोडलेलं. डबी घेतानाच दोन नंबर घ्या, एक शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा, आणि समोरच मिस्ड कॉल देऊन खात्री करा. मात्र दुसऱ्या नंबरवर आजाराचं नाव घेऊ नका, ‘केंद्रात बोलावलंय’ एवढंच सांगा. आजाराच्या बोभाट्याच्या भीतीनेच अनेकजण खोटा नंबर देतात.

केंद्राची गळती नेमकी कुठे आहे हे शोधायचं तर रजिस्टरमध्ये प्रत्येक रुग्णासमोर पाच तारखा लिहा: नमुना दिला, प्रयोगशाळेत पोचला, रिपोर्ट आला, रुग्णाला कळवलं, पहिली गोळी घेतली. सहसा पहिली आणि तिसरीच लिहिलेली असते. तीन महिन्यांच्या पाचही तारखा समोर ठेवल्या की कळतं, नवं यंत्र मागायचं की आठवड्यात दोनदा जाणारी नमुन्यांची पेटी रोज पाठवायची.