फक्त नेटवर्क कार्ड बदलायला गेलो होतो

शनिवारी रात्री महापेला डेटा सेंटरमधे जाऊन आलो, रविवारी दुपारपर्यंत झोपलो आणि आता बसून लिहितोय, कारण उद्या ऑफिसात सगळे विचारणार की एक कार्ड बदलायला दोन माणसं रात्रभर काय करत होती.

झालं असं की आमचा बॅकअपचा सर्व्हर पंधरा दिवस कुरकुरत होता. रात्री ११ ला सुरू झालेला बॅकअप अडीच-तीन तासात उरकायचा, तो सकाळी लोक येऊन चहा पिऊन कामाला लागले तरी चालूच. त्यातलं नेटवर्क कार्ड १० गिगचं, दोन पोर्टांचं (पोर्ट म्हणजे केबल खोचायची जागा), त्यातल्या एका पोर्टवर लिंक डाउन, लिंक अप, परत डाउन, लॉगमधे नुसती तीच माळ, आणि काउंटर बघितले तर सीआरसी एरर वाढतायत. म्हणजे फ्रेम, डेटाचं पुडकं, पोचते पण वाटेत कुठेतरी बिट बिघडलेत, हिशेब जुळत नाही म्हणून कार्ड ती फेकून देतं. असं दिसलं की पहिला संशय केबलवर आणि दुसरा स्विचच्या पोर्टवर. केबल बदलून घेतली, स्विचचा पोर्ट बदलून घेतला, दुखणं काही हललं नाही, म्हणजे कार्डच. आता तुम्ही म्हणाल दोन पोर्ट बाँडमधे, म्हणजे एकत्र जोडी बांधून, होते ना, एक गेला तर दुसरा कशाला असतो? बरोबर, पण पोर्ट पूर्ण मेला तर बाँड गपचूप दुसऱ्यावर जातो, असा अर्धमेला असला की पंचाईत, त्यात मीच कॉन्फिगमधे नेमका हा पोर्ट प्रायमरी ठेवलेला, त्यामुळे तो जरा शुद्धीवर आला की ट्रॅफिक परत त्याच्याकडेच.

तर सर्व्हर बंद ठेवून काम करायला रात्री १ ते ४ ची विंडो मिळाली. मी आणि आमचा ज्युनिअर पोरगा ठाण्याहून निघालो, रस्ता मोकळा, साडेबाराला गेटवर. सिक्युरिटीच्या काकांनी लॅपटॉप, कार्ड, स्क्रूड्रायव्हर सगळं सिरियल नंबरसकट वहीत उतरवून घेतलं. स्क्रूड्रायव्हरला सिरियल नंबर नसतो हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटं गेली.

सर्व्हर 2यू, म्हणजे उंची साडेतीन इंच. शटडाउन केला, मागच्या केबलींचा फोटो काढला (हे न विसरता करा बाबांनो, वरची कुठली खालची कुठली हे रात्री दोनला आठवत नाही), दोन्ही पॉवर कॉर्ड काढल्या. नुसता बंद करून भागत नाही, कॉर्ड लावलेली असेपर्यंत बोर्डावर स्टँडबाय करंट असतोच. हिरवा दिवा विझेपर्यंत थांबलो, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला (अंगातल्या स्थिर विजेने कार्ड जळू नये म्हणून), रेलवरून डबा पुढे ओढला, झाकण उघडलं आणि जुनं कार्ड बाहेर. इथपर्यंत सगळे मिळून पंधरा मिनिटं. पोरगा म्हणाला, "सर, दोनपर्यंत घरी." मी त्याला तेव्हाच गप्प करायला हवं होतं.

नवीन कार्डाला पट्टी लांब होती. पट्टी म्हणजे ते ब्रॅकेट, कार्डाच्या टोकाला असतं ते. लांबवालं जवळपास १२ सेंटिमीटर, आखूड ८ च्या आसपास, आणि 2यू च्या डब्यात उभ्या कार्डाला आखूडच लागतं, कारण डबाच नऊ सेंटिमीटरला जरासा कमी. नव्या कोऱ्या कार्डाच्या खोक्यात बहुतेक वेळा दोन्ही पट्ट्या येतात. हे सप्लायरने पाठवलेलं रिफर्बिश्ड, त्यात एकच, आणि मी ऑफिसात खोका उघडून कार्ड बघितलं, नंबर जुळवला, पट्टीकडे बघितलंच नाही.

नशीब जुनं कार्ड त्याच मॉडेलचं, त्याची पट्टी काढून याला लावायची, दोन स्क्रू. पण स्क्रू इतके बारीक की आमचा स्क्रूड्रायव्हर त्यात बसेना. शेवटी पोराने किचेनला लावलेला चष्म्याचा पिटुकला स्क्रूड्रायव्हर काढला, मी मनातल्या मनात त्याचं अप्रेझल तिथेच करून टाकलं. पहिला स्क्रू बसला. दुसरा माझ्या बोटातून सुटला, टण्ण करून फरशीवर पडला, आणि कोल्ड आइलमधली, म्हणजे रॅकांपुढच्या गार गल्लीतली, फरशी कसली असते माहितीये ना, जाळीची, खालून गार हवा यायला. गेला. टॉर्च लावून वाकून बघितलं, खाली केबलींचा अंधार आणि तोंडावर गारेगार वारा. फरशी उचलायची तर वेगळी परमिशन. एका स्क्रूवर कार्ड लावलं, स्लॉटमधे दाबल्यावर खट् झालं, वरचा क्लॅम्प बसला, हलवून बघितलं, घट्ट आहे.

पॉवर दिली. पंखे फुल स्पीडला, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं, एकमेकांशी खुणांनी बोलायचं. मागे जाऊन बघितलं, दोन्ही पोर्टांना हिरवे दिवे. मस्त. पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला हाक मारली, काहीच नाही.

पुढचा पाऊण तास आम्ही स्विचला शिव्या घातल्या. नेटवर्कवाला फोनवर झोपेत सांगतोय "माझ्याकडे लिंक अप आहे, तुझ्याकडे बघ", मी म्हणतोय माझ्याकडे पण हिरवं आहे. हिरव्या दिव्यावर जाऊ नका. काही कार्डं अशी असतात की ऑपरेटिंग सिस्टिमने इंटरफेस वर आणला नसला तरी लिंक धरून ठेवतात, दिवा लागलेलाच. त्या दिव्याने पाऊण तास खाल्ला.

मग पोरगा म्हणाला, "सर, बाँडमधे मेंबरच नाहीयेत." बघितलं तर खरंच, बाँड रिकामा. आमच्या नेटप्लॅनच्या (सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमधे कार्ड मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक पोर्टाच्या आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या स्वतःच्या नंबरावरून, ओळखलं जातं आणि त्याला आमचं नाव मिळतं. कार्ड बदललं की मॅक बदलणार, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी हुशारी करून दुपारीच खोक्यावरच्या स्टिकरवरून नवा मॅक फाइलमधे टाकून ठेवला होता. दुसऱ्या पोर्टाचा म्हणजे त्यात एक मिळवून. आणि स्टिकरवरचा आठ मी बी वाचला. मुंगीएवढी अक्षरं, वर चाळिशी लागलेली, पण चष्मा लावायचा नाही. कन्सोलवर खरे मॅक काढले, शेजारी फाइल उघडली, पोराने बोट ठेवलं. दोन ओळी बदलल्या, अप्लाय केलं, पिंग सुरू. ३ वाजून ३५ मिनिटं.

मग एलएसपीसीआय या कमांडने कार्डाला स्लॉटमधे डेटाच्या आठच्या आठ लेन मिळाल्यात ना ते बघून घेतलं (एका स्क्रूची धास्ती, दुसरं काय), एक टेस्ट बॅकअप सोडला, एरर शून्य, झाकण लावून डबा आत ढकलला.

बाहेर पडताना काकांनी वही काढली. आत गेलेल्या कार्डाचा नंबर वेगळा, हातातल्या कार्डाचा वेगळा. "साहेब, हे तर आत नेलंच नव्हतं तुम्ही." म्हणलं काका, हे आतलंच, आधीपासूनचं. "मग औटवर्डचा पास लागेल." पास सोमवारी मिळणार. परत आत जाऊन जुनं कार्ड रॅकच्या खालच्या ट्रेमधे ठेवून आलो, लांब पट्टीसकट.