पाच मिनिटांत वाचलेलं कार्ड

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी अख्खं नागपूर "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडलं आणि सकाळी आमच्या कळमन्याकडच्या आरोग्य केंद्रात तापाच्या पेशंटची लाईन गेटच्या बाहेर. मी लॅब टेक्निशियन, अकरा वाजेपर्यंत माझ्या टेबलावर मलेरियाची सोळा कार्डं, म्हणजे थेंबभर रक्तावरच्या झटपट टेस्टच्या पट्ट्या, झालेली.

एक मावशी पोराला धरून आली, तिशीतला, जेसीबी चालवतो. चार दिवसांपासून ताप म्हणे पण थर्मामीटरमध्ये काहीच नाही, कारण निघताना पॅरासिटामॉल खाऊन आलेला. आता ताप नाही म्हणून आम्ही सोडत नाही, दोन दिवसांत येऊन गेला असला तरी रक्त पाहायचंच. बोट टोचलं, कार्डावर थेंब, मग बफर, सोबत स्लाईडही काढली. आणि पाचच मिनिटांत नजर टाकली, पट्टी अजून लालसर होती, कंट्रोलची रेघ, म्हणजे टेस्ट चालली एवढंच सांगणारी, तेवढी दिसली आणि मी गडबडीत कागदावर निगेटिव्ह लिहून मोकळा. कार्ड वीस मिनिटांनी वाचायचं हे नवीन पोरींना मीच शिकवतो, म्हणजे बघा.

डेंग्यूची टेस्ट त्यांनी बाहेर करून घेतलेली, तीही निगेटिव्ह. मग व्हायरलच असणार ना. पण आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला विचारलं, महिनाभरात कुठं बाहेरगावी गेला होतास का रे? तो नुसता पाहत राहिला. मावशीच बोलली, "भामरागडले होता जी, रोडच्या कामावर. पोयासाठी आला तं ताप घेऊनच आला." भामरागड म्हणजे गडचिरोलीचं जंगल, मलेरियाचा भाग.

"लघवी कशी होते?"

"बिनदुधाच्या चायसारखी. अन् रातभर कायबी बडबडते जी."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. पापणी खाली ओढून पाहिली, डोळे पिवळे. मला म्हणाल्या, कार्ड कुठंय?

ट्रेमध्येच होतं. घड्याळ पाहिलं, बावीस मिनिटं झालेली. पीएफच्या, म्हणजे फॅल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियाच्या जागी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी स्पष्ट.

पुढं सगळं पटापट झालं. ग्लुकोमीटरवर शुगर ५८, म्हणजे कमीच, सलाईन लावलं, १०८ बोलावली आणि मेयो हॉस्पिटलला पाठवलं, कारण फॅल्सिपेरम डोक्यात चढायला लागला की गोळ्यांवर भागत नाही, आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध शिरेतूनच द्यावं लागतं. मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत, तो कागद फक्त माझ्याकडं सरकवला. मी निगेटिव्ह खोडलं, खाली सही केली.

मग सकाळची बाकीची कार्डं आठवली. तीपण अशीच घाईत वाचली असतील तर? आणि अर्ध्या तासानंतर कार्ड पुन्हा वाचून उपयोग नसतो. नशीब, स्लाईडी सगळ्यांच्या काढल्या होत्या. एकेक रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहत बसलो. त्या पोराच्या स्लाईडमध्ये मलेरियाच्या जंतूंच्या बारीक बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन. बाकी सगळ्या साफ. सहा वाजले.

डबा तसाच घरी आला. बायकोनं विचारलं तर म्हटलं, भूक नव्हती.