कोळंबी 1.1 कोटी, भाडं 6.4 कोटी

20 मे 2024, सोमवार. रेड लॉबस्टर या समुद्री खाद्याच्या अमेरिकन रेस्टॉरंट साखळीने आदल्या दिवशी फ्लोरिडात चॅप्टर 11चा, म्हणजे दिवाळखोरीत संरक्षण मागून कंपनी सावरण्याचा, अर्ज केला होता, आणि सकाळी कामाला बसेपर्यंत बातम्यांमध्ये एकच सूर लागला होता: ‘हवी तेवढी खा’ कोळंबीने कंपनी बुडवली. माझं काम व्यावसायिक भाडेकरार वाचून त्यांचा गोषवारा काढण्याचं. त्या आठवड्यात टेबलावर दुसऱ्याच एका अमेरिकन साखळीची फाइल होती. 14 रेस्टॉरंटं, जमीनमालक एक, भाडेकरू एक, करारही एकच. नाव सांगत नाही. जमीनमालकाने विचारलं होतं, आपल्या भाडेकरूची गतही अशीच होणार का? हे सांगायचं तर रेड लॉबस्टरचं नेमकं काय झालं ते आधी कळायला हवं, म्हणून अर्जासोबतचं शपथपत्र उघडलं.

चॅप्टर 11मध्ये पहिल्याच दिवशी कंपनीचा वरिष्ठ अधिकारी एक लांबलचक शपथपत्र दाखल करतो. कंपनी कशी उभी राहिली, देणी कोणाची, पैसे कुठे अडकले, हे सगळं त्यात असतं. इथे ते जोनाथन टिबस यांचं होतं. मार्चमध्येच सीईओ म्हणून आलेले, अडचणीतल्या कंपन्या सावरण्याचा पेशा असलेले. साखळीचा इतिहास इतक्या मोजक्या शब्दांत सहसा वाचायला मिळत नाही. अर्थात तो कंपनीने सांगितलेला इतिहास असतो, हे ध्यानात ठेवूनच वाचायचा.

अमेरिकेत 551 रेस्टॉरंटं, कॅनडात 27, सुमारे 36,000 कर्मचारी, वर्षाला 6.4 कोटी ग्राहक. पुढे खालच्या परिच्छेदांत दोन आकडे आले. कायमस्वरूपी केलेल्या कोळंबीच्या ऑफरने झालेलं नुकसान 1.1 कोटी डॉलर. 2023 सालचं एकूण भाडं 19.05 कोटी डॉलर, आणि त्यातले 6.4 कोटींहून अधिक अशा रेस्टॉरंटांचे, जी नीट चालतच नव्हती. म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा आजारी दुकानांवर जात होता. मथळ्यात मात्र कोळंबी. (भाडेकराराचा फोटो कोण छापणार?)

एवढं भाडं आलं कुठून, हे बघायला मागे जावं लागतं.

बिल डार्डन यांनी 1938 साली, वयाच्या 19व्या वर्षी, जॉर्जियातल्या वेक्रॉसला 25 खुर्च्यांचं ‘ग्रीन फ्रॉग’ काढलं. रेड लॉबस्टर आलं 1968 साली, फ्लोरिडातल्या लेकलँडला, चार्ली वूड्सबी यांच्यासोबत. लेकलँड समुद्रकाठी नाही, भूभागात आत आहे. ताजे मासे किनाऱ्यापासून दूर, मध्यम दरात, टेबलावर वाढून देता येतात का, याची ती परीक्षाच होती. दोनच वर्षांत, 1970मध्ये, जनरल मिल्सने कंपनी विकत घेतली. पिठं आणि सीरिअल विकणाऱ्या कंपनीचं भांडवल मिळाल्यावर साखळी देशभर पसरली. मेनूत 1974 साली पॉपकॉर्न श्रिम्प आलं, 1992 साली चेडर बे बिस्किटं. 1982मध्ये जनरल मिल्सने ऑलिव्ह गार्डन ही दुसरी साखळी सुरू केली आणि 1995मध्ये रेस्टॉरंटांचा सगळा धंदा ‘डार्डन रेस्टॉरंट्स’ म्हणून वेगळा काढला.

या काळातली एक गोष्ट भाडेकरार वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. बऱ्याच रेस्टॉरंटांखालची जमीन कंपनीच्याच मालकीची होती. मंदी आली, खेकडा महागला, तरी दर महिन्याच्या एक तारखेला कोणी दारात उभं नसायचं. 2003 साली खेकड्याची ‘हवी तेवढी खा’ ऑफर फसली होती. घाऊक भाव चढे, लोक कितीदा ताट भरून मागतील याचा अंदाज चुकलेला. ब्रँडच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं आणि दुसऱ्या नव्हे तर तिसऱ्या ताटाने घात केला असं वरिष्ठांनी गुंतवणूकदारांना सांगितलं. कंपनी मात्र हलली नाही. वीस वर्षांनी तीच चूक कोळंबीत झाली तेव्हा खालची जमीन गेलेली होती.

ती गेली 2014 साली. डार्डनने रेड लॉबस्टर गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला 210 कोटी डॉलरला विकलं. त्याच व्यवहारात गोल्डन गेटने सुमारे 500 रेस्टॉरंटांची जागा अमेरिकन रिअल्टी कॅपिटल प्रॉपर्टीज या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीला 150 कोटींना विकून तीच परत भाड्याने घेतली. याला सेल-लीजबॅक म्हणतात. खरेदीची जवळपास तीन चतुर्थांश रक्कम खरेदी केलेल्या कंपनीच्याच जमिनीतून उभी राहिली. डार्डनच्या भागधारकांपैकी स्टारबोर्ड व्हॅल्यू या फंडाने विक्रीला कडाडून विरोध केला होता. ऑक्टोबर 2014मध्ये त्यांनी डार्डनचे सगळे 12 संचालक बदलून दाखवले, पण तोवर विक्री होऊन गेली होती.

सेल-लीजबॅक म्हणजे विषच, असं मात्र नाही. डार्डनने स्वतः पुढच्याच वर्षी 418 जागा ‘फोर कॉर्नर्स’ नावाच्या वेगळ्या कंपनीकडे दिल्या, त्यातल्या बहुतेक ऑलिव्ह गार्डनच्या, आणि ऑलिव्ह गार्डन तग धरून आहे. भाडं देण्याआधी रेस्टॉरंट किती कमावतं आणि भाडं किती, फरक इथे पडतो. या गुणोत्तराला आम्ही रेंट कव्हरेज म्हणतो. त्या दिवशी 14 रेस्टॉरंटांच्या फाइलवर सगळ्यात जास्त वेळ याच आकड्यात गेला, म्हणून एक नमुना मांडते.

समजा एका रेस्टॉरंटची वर्षाची विक्री 40 लाख डॉलर. खाद्य-पेय 30 टक्के, म्हणजे 12 लाख. मजुरी 33 टक्के, 13.2 लाख. वीज, दुरुस्ती, जाहिरात वगैरे 7.2 लाख. उरले 7.6 लाख. भाडं 2.4 लाख. कव्हरेज 3.2, हातात 5.2 लाख. मजेत चाललंय.

आता दहा वर्षं पुढे या. करारात दरवर्षी 2 टक्के वाढ आहे. वाचताना क्षुल्लक वाटते, दहा वर्षांत चक्रवाढीने जवळजवळ 22 टक्के होते. भाडं 2.93 लाखांवर गेलं. गिऱ्हाईक कमी झालं आणि विक्री 32 लाखांवर आली. खाद्यखर्च विक्रीबरोबर उतरतो, 9.6 लाख होतो. मजुरी तशी उतरत नाही. रिकाम्या मंगळवारीही ग्रिलवर एक, फ्रायरवर एक, भांड्यांवर एक आणि दाराशी एक माणूस लागतोच. विक्री 20 टक्के घटली तर मजुरी फार तर 10 टक्के वाचते, 11.88 लाख. इतर खर्च 6.7 लाख. भाड्याआधी उरले 3.82 लाख, कव्हरेज 1.3, हातात 89 हजार. एक फ्रीझर आणि छताचं एक काम निघालं की संपलं. आणि छताचं काम भाडेकरूचंच, कारण असे करार बहुतेक ट्रिपल नेट असतात: मालमत्ता कर, विमा, देखभाल, तिन्ही भाडेकरूच्या अंगावर.

हा नमुना आहे, रेड लॉबस्टरचा हिशेब नव्हे. पण त्या शपथपत्रात 2019पासून ग्राहकसंख्या सुमारे 30 टक्के घटल्याचं लिहिलंय, आणि भाड्याचे बरेच करार बाजारभावापेक्षा चढे असल्याचंही. वरच्या गणितात 20च्या जागी 30 टाकून बघा.

आता कोळंबी. ती निर्दोष होती असंही नाही. थाई युनियन ही समुद्री खाद्याची मोठी थायी कंपनी. तिने 2016मध्ये 57.5 कोटी डॉलर गुंतवून 25 टक्के हिस्सा घेतला आणि 2020मध्ये इतर गुंतवणूकदारांसोबत उरलेला. म्हणजे माल पुरवणारा आणि मालक एकच. पूर्वी मर्यादित दिवसांची असलेली कोळंबीची ऑफर जून 2023मध्ये 20 डॉलरला कायमची झाली. शपथपत्राचं म्हणणं असं की हा निर्णय आतल्या लोकांचा विरोध डावलून झाला आणि ब्रेडेड, म्हणजे पिठाचा थर दिलेल्या, कोळंबीचे दोन पुरवठादार काढून टाकल्यामुळे थाई युनियनच एकमेव उरली, त्यानं खर्च वाढला. ही कंपनीची बाजू. थाई युनियनने जानेवारी 2024मध्ये 53 कोटी डॉलरचा फटका हिशेबात धरून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

अशी ऑफर मर्यादित दिवसांची का ठेवतात? पहिलं कारण, माल आधी ठरलेल्या भावाने, ठरलेल्या वजनाचा घेतलेला असतो. संपला की ऑफर बंद. कायमची केली की पुढची खरेदी त्या दिवशीच्या भावाने. दुसरं कारण, कोळंबीचा आकार काउंटने मोजतात, 31/40 म्हणजे एका पाउंडात 31 ते 40 नग, आणि फुकट भरून मिळणाऱ्या ताटात बारीक काउंट आणि जास्त पिठाचा थर घालून खर्च आवरता येतो. त्यालाही मर्यादा आहे: अमेरिकी नियमाप्रमाणे ‘ब्रेडेड श्रिम्प’मध्ये निम्मी तरी कोळंबी असावीच लागते, ‘लाइटली ब्रेडेड’ म्हटलं तर 65 टक्के. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महागडं, टेबल. चार ताटं खाणारा माणूस टेबल अडवून बसतो. संध्याकाळी टेबल तीनदा फिरायचं ते दोनदाच फिरतं, आणि ही तूट खाद्यखर्चाच्या ओळीत कधीच दिसत नाही. पुढे भाव 22, मग 25 डॉलर केला, तोवर सवय लागलेली होती.

दुपारनंतर मूळ फाइलकडे वळले. सकाळीच मी 14 रेस्टॉरंटांच्या 14 ओळी करून प्रत्येकीसमोर भाडं लिहिलं होतं. तीन ओळी लाल होत्या, कव्हरेज 1च्या खाली. खाली शेरा लिहिला होता: दिवाळखोरी झाली तर ही तीन जातील, अकरा राहतील.

तो शेरा साफ चुकीचा होता. दिवाळखोरीच्या कायद्यातल्या कलम 365प्रमाणे कंपनीला भाडेकरार पुढे चालू ठेवता येतो किंवा सोडून देता येतो. व्यावसायिक जागेसाठी त्याला 120 दिवस मिळतात, न्यायालय आणखी 90 वाढवू शकतं. पण करार घ्यायचा तर सगळा, थकबाकी भरून. सोडायचा तर सगळा. माझ्या टेबलावर मास्टर लीज होती. 14 जागा, एक करार, एक भाडं. मागच्या परिशिष्टात जागावार विभागणी होती ती नुसती हिशेबापुरती. तीन दुकानं सोडायची तर चांगली अकराही जातात, अकरा ठेवायची तर तीन पोसायची. जमीनमालक मास्टर लीज मागतात ते याचसाठी. भाडेकरूचा वकील उलट बाजूने तो एक करार नसून 14 वेगळे करार असल्याचं सिद्ध करायला बघतो. म्हणून कलमं वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: एका जागेची चूक सगळ्या करारावर येते का, एकच जागा दुसऱ्याला देता येते का, आणि विभागलेलं भाडं त्या त्या जागेच्या बाजारभावाशी जुळतं का. इथे पहिलीचं उत्तर हो, दुसरीचं नाही, तिसरीचंही नाही. एकच करार.

करार सोडला तर जमीनमालकाचा दावा किती? उरलेल्या मुदतीचं सगळं भाडं मिळत नाही. कलम 502 त्याला कात्री लावतं: एक वर्षाचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीचं 15 टक्के, यातलं जास्त असेल ते, पण तीन वर्षांच्या वर नाही. 15 टक्के मुदतीचे धरायचे की रकमेचे यावर न्यायालयांचं एकमत नाही. आणि हा दावाही तारण नसलेल्यांच्या रांगेत, शेवटच्या टोकाला. त्या मानाने भाजीवाला बरा. ताज्या फळं-भाज्यांचे पैसे पाका (PACA) या शेतमालविक्रीच्या अमेरिकी कायद्याने ट्रस्टमधले, म्हणजे विक्रेत्यासाठी राखून ठेवलेले, मानले जातात आणि आधी मिळतात. कोळंबीवाल्याला ती सोय नाही. त्याने अर्जाआधीच्या 20 दिवसांत माल पोचवला असेल तर तेवढ्यापुरता अग्रक्रम.

रेड लॉबस्टर पुढे सप्टेंबर 2024मध्ये फोर्ट्रेस या गुंतवणूक कंपनीच्या पाठिंब्याच्या नव्या मालकांकडे, डमोला अडामोलेकुन या नव्या सीईओंसह, सुमारे 544 रेस्टॉरंटं घेऊन बाहेर पडलं. त्या सोमवारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा दिसत होते ते अर्जाआधीच्या आठवड्यात बंद केलेल्या डझनावारी रेस्टॉरंटांचे ऑनलाइन लिलाव: फ्रायर, बाकं, लॉबस्टरची टाकी, सगळं एका बोलीत, आणि जिंकणाऱ्याने सगळंच उचलून न्यायचं.

संध्याकाळी 14 ओळी पुसून एकच केली. एकत्र कव्हरेज 1.9, मुदत 11 वर्षं शिल्लक, वाढ दरवर्षी 2 टक्के, ट्रिपल नेट. शेऱ्यात लिहिलं: भाडेकरू आज तिन्ही तोट्याची दुकानं पोसू शकतो, विक्री 15 टक्के घटली तर पुन्हा तपासणे. आणि भाडेकरूकडून जागावार मासिक विक्रीसोबत ग्राहकसंख्याही मागवणे, कारण भाववाढीने विक्रीचा आकडा फुगतो आणि रिकाम्या खुर्च्या त्याखाली झाकल्या जातात.