बाबांची पेट्रोलची वही

2025 ची सुरुवात होती. चेंबूरच्या घरी येऊन तीन दिवस झाले होते. सकाळी बाबांच्या मागे स्कूटरवर बसून पंपावर गेले. "काका, झिरो बघा," असं म्हणत पोऱ्याने नोझल लावलं. बाबा डोळ्यांत तेल घालून मीटरकडे बघत राहिले. दोनशे रुपयांत पुरतं दोन लिटरही आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कपाटावरची निळी वही काढली. 16 जून 2017 पासून देशभर पेट्रोलचे भाव रोज बदलायला लागले, तेव्हापासूनची ही वही. भाव हलला की पेपरातून तारीख आणि आकडा टिपायचा, एवढंच तिच्यात. सुरुवातीची पानं गच्च भरलेली आहेत. मग त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. जुलै 2022, 106.31. मार्च 2024, 104.21. जुलै 2024, 103.44. अडीच वर्षांत ओळी अवघ्या तीन.

"अगं, तुमच्या अमेरिकेत पंपावरचा भावाचा बोर्ड दर दोन-चार दिवसांनी खाली-वर होतो म्हणतेस. तेल तर सगळ्या जगात एकच. मग असं का?"

त्यांना चहाच्या कपाबरोबर जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हा प्रश्न मला मुंबईतले सगळेच विचारतात.

मी एडिसनला राहते, न्यू जर्सीत. अमेरिकेत हे एकच राज्य असं उरलंय, जिथे आपल्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. कायदा 1949 चा. त्यामुळे गाडी थांबली की आपल्याकडच्यासारखाच माणूस खिडकीशी येतो. "रेग्युलर, कॅश," एवढं सांगितलं की झालं. रोख आणि कार्डाचा भाव बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो आणि तो रस्त्यावरून दिसेल अशा मोठ्या आकड्यांत लावलेला असतो. आमच्या चौकात समोरासमोर दोन पंप आहेत. एकाने तीन सेंट उतरवले की दुसऱ्याकडे संध्याकाळी गाड्या दिसत नाहीत. एकदा लावलेला भाव मात्र 24 तास बदलता येत नाही, तसा राज्याचा नियमच आहे.

या पंपवाल्याला एका गॅलनमागे, म्हणजे पावणेचार-एक लिटरमागे, सुटतात थोडे सेंट. त्याची खरी कमाई आतल्या दुकानातल्या कॉफीवर आणि खाऊवर. टाकीत असलेलं पेट्रोल त्याने काल कितीला घेतलं, याला फारसा अर्थ नसतो. उद्याचा टँकर कितीला पडणार ते बघून तो आज भाव लावतो, कारण त्या टँकरचे पैसे आजच्या गल्ल्यातूनच जायचे असतात. म्हणून घाऊक भाव चढला की बोर्ड लगेच चढतो. घाऊक भाव उतरला की मात्र समोरचा उतरवतोय का, याची वाट बघितली जाते. अर्थशास्त्रात याला नावच पडलंय: भाव रॉकेटसारखे चढतात आणि पिसासारखे उतरतात. मी हे दर उन्हाळ्यात बघते.

उन्हाळ्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडे कुणाला सहसा ठाऊक नसतं. हिवाळ्याच्या पेट्रोलमध्ये स्वस्त ब्युटेन वायू जास्त मिसळता येतो. उकाड्यात तो उडून हवा बिघडवतो, म्हणून 1 जून ते 15 सप्टेंबर पंपावर कमी उडणारं, महाग पडणारं पेट्रोलच विकावं लागतं. रिफायनऱ्यांची बरीच दुरुस्तीही वसंतात निघते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, लोक सहलीला निघायच्या आधीच, बोर्ड वर सरकतो.

कधी नुसता नळ बंद पडला तरी पुरतं. मे 2021 मध्ये ह्यूस्टनहून आमच्या शेजारच्या लिंडनपर्यंत येणारी कलोनियल पाइपलाइन संगणकावरच्या खंडणीच्या हल्ल्यामुळे काही दिवस बंद होती. पूर्व किनाऱ्याचं जवळपास निम्मं इंधन या पाइपातून येतं. दक्षिणेकडच्या राज्यांत रांगा लागल्या, आणि अमेरिकेचा सरासरी भाव 2014 नंतर पहिल्यांदा गॅलनला 3 डॉलरच्या वर गेला.

लिंडनची रिफायनरी हायवेवरून दिसते. रात्री तिथली ज्वाळा दिसली की मला थेट चेंबूरशेजारचं, रिफायनऱ्यांचं माहुल आठवतं. आमच्या गच्चीवरून तिथली ज्वाळा बघतच मी मोठी झाले. 1974 आणि 1976 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन तिथल्या रिफायनऱ्यांना पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावं आली, पण बाबांच्या तोंडी अजून "एस्सो" आणि "बर्मा शेल"च आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं: समुद्रात बॉम्बे हायच्या तेलविहिरी, दाराशी माहुल, मग चेंबूरला पेट्रोल एवढं महाग का?

एक तर भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. आणि रिफायनरीच्या दारातला भाव ठरतो तो आखाती बाजारात तयार पेट्रोल डॉलरमध्ये कितीला आहे यावरून. ते आणायचं झालं तर किती पडेल याला 80 टक्के वजन आणि विकायचं झालं तर किती मिळेल याला 20 टक्के. माहुल घरापासून किती लांब, हे त्या हिशेबात येत नाही. रुपया घसरला तर मात्र लगेच येतं.

मग बाबांनी 2020 चं पान उघडलं. त्या वर्षी 20 एप्रिलला अमेरिकेत तेल साठवायला जागा उरेनाशी झाली आणि वायद्याचा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या तेलाच्या सौद्याचा भाव पिंपाला उणे 37.63 डॉलरवर गेला; तेल उचला म्हणून विकणाराच वर पैसे देत होता. तिथे पंपावरची देशाची सरासरी गॅलनला 1.80 डॉलरच्या खाली आली. वहीत मात्र ती घसरण नाहीच. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी वाढवलं आणि स्वस्ताई तिथेच जिरली. 7 जूनपासून रोज एकेक ओळ चढत गेली आणि महिनाअखेर मुंबईत 87 रुपये झाले. 29 मे 2021 ला शंभरी पार झाली. त्या आकड्याखाली बाबांनी लाल रेघ मारलीय. एप्रिल 2022 मध्ये 120.51.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेची सरासरी 5 डॉलरवर गेली. तिथे बहुतेक ठिकाणी लोकल नाही. रोज तास-तासभर गाडी हाकून कामावर जाणाऱ्यांनी त्या महिन्यात बाहेरचं जेवण बंद केलेलं मी पाहिलंय. भारतात तोवर भाव थांबवले गेले होते. त्या तिमाहीत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून 18 हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे तेल उतरलं, भाव फारसे उतरले नाहीत, आणि 2023-24 मध्ये त्यांचा एकत्रित नफा 80 हजार कोटींच्या वर गेला. भाव थोपवून धरणं वाईट असं मी म्हणणार नाही, 2022 मध्ये त्याने अनेकांची घरं सावरली. पण उतरताना ग्राहकाचा वाटा किती, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाबांनी पेन उघडलं आणि मागच्या पानावर भागाकार मांडला. गॅलनला साधारण 3 डॉलर, भागिले 3.785, गुणिले 85. लिटरला 67 रुपये. "आणि त्यात कर किती?" राज्य आणि केंद्र मिळून गॅलनला 60 सेंटच्या आसपास, म्हणजे लिटरला 13-14 रुपये. मुंबईच्या 103 मध्ये तेव्हा केंद्राचे 19.90 होते आणि राज्याचे साधारण 25. राज्याचा 25 टक्के व्हॅट तर वरच्या सगळ्या रकमेवर बसतो, केंद्राच्या शुल्कावरसुद्धा, आणि त्याच्यावर आणखी 5.12 रुपये. दोन्हीकडचा कर बाजूला काढला तर उरतात तिकडे 53-54 आणि इकडे 58-59. बाबा त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. चहावर साय आली.

मग त्यांनी पट्टी घेऊन नव्या पानावर तीन रकाने आखले: चेंबूर, एडिसन, कर.

"तू सोमवारी भरतेस ना पेट्रोल? बोर्डाचा फोटो पाठवत जा."