शांततेचं काम लष्कराच्या गळ्यात कसं पडतं

अमेरिकेत लष्कराने परराष्ट्र धोरण बळकावलंय अशी तक्रार नेहमी ऐकू येते, म्हणजे जनरल लोकांनाच सगळीकडे लुडबूड करायची हौस आहे वगैरे. मला हे फारसं पटत नाही. बऱ्याचदा दुसऱ्या देशात शांतता आणायचं, युद्धानंतर तिथला कारभार उभा करायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं, कारण ते करायला दुसरं कोणी शिल्लकच ठेवलेलं नसतं.

नोव्हेंबर २००७ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी कान्सासमध्ये एक भाषण केलं, त्यात त्यांनी स्वतःच्या खात्यासाठी नाही तर परराष्ट्र खात्यासाठी जास्त पैसे मागितले. त्यांचे आकडे असे होते की परराष्ट्र कामाचं अख्खं बजेट ३६ अब्ज डॉलर, म्हणजे पेंटॅगॉन (त्यांचं संरक्षण खातं) नुसत्या आरोग्यसेवेवर खर्च करतं त्याहूनही कमी, आणि परराष्ट्र सेवेतले व्यावसायिक अधिकारी साधारण ६,६०० म्हणजे एका विमानवाहू जहाजाच्या ताफ्यावर जितकी माणसं लागतात तितकी पण नाहीत. आता एवढ्या माणसांत जगभरच्या वकिलाती चालवायच्या आणि वर युद्ध संपलेल्या देशात कोर्ट, पोलीस, नगरपालिका उभ्या करायच्या, कसं जमणार? मग ट्रक, विमानं, पैसा आणि उद्या निघा म्हटलं की निघणारी माणसं ज्याच्याकडे आहेत त्याला सांगितलं जातं की बाबा तूच कर.

अफगाणिस्तानात हेच झालं. २००२ च्या शेवटापासून तिथे पीआरटी, म्हणजे प्रांतांच्या पुनर्उभारणीसाठीच्या टीम सुरू झाल्या, पहिली गार्देझला. कागदावर सिव्हिल-मिलिटरी मिश्र टीम, प्रत्यक्षात अमेरिकन टीममध्ये बहुतेक सगळे सैनिक आणि सिव्हिलियन मोजके. कमांडरच्या हातात खर्चायला वेगळा फंड असायचा, त्यातून शाळा, विहिरी, रस्ते. हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणणार नाही, पण कमांडर थोड्या काळासाठी आलेला, त्याला तेवढ्यात काहीतरी करून दाखवायचं असतं, त्यामुळे किती पैसे खर्च झाले हेच यशाचं माप होऊन बसतं आणि त्या शाळेत शिक्षक कोण पाठवणार, त्याचा पगार कोण देणार, जमीन नक्की कोणाची होती, त्यावरून कुठल्या दोन घराण्यांत वैर पेटलं, हे बघायला वर्षानुवर्षं तिथे राहणारा माणूस लागतो, आणि तोच नव्हता.

सगळ्यात जास्त त्रास मला एका गोष्टीचा होतो. जून २००४ मध्ये बादघिस प्रांतात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या आणि २४ वर्षं त्या देशात, सोव्हिएत काळात सुद्धा, टिकून राहिलेली ही संघटना बाहेर पडली. निघताना त्यांनी आधीपासूनचा एक आक्षेप पुन्हा मांडला, की अमेरिकेच्या बाजूच्या सैन्याने पत्रकं वाटली होती, मदत चालू राहायला हवी असेल तर तालिबान आणि अल कायदाची माहिती द्या. एकदा औषध आणि खबर यांची अशी सांगड घातली की गावकऱ्याच्या नजरेत डॉक्टर पण एका बाजूचाच होतो.

म्हणून सिव्हिलियन माणूस नेमला की झालं असंही नाही हं. मे २००३ मध्ये इराकचं सैन्य बरखास्त करण्याचा हुकूम काढला पॉल ब्रेमर यांनी, जे अमेरिकेने इराकचा कारभार बघायला नेमलेले मुरलेले मुत्सद्दी होते, आणि त्याच वेळी काही अमेरिकन लष्करी अधिकारी त्याच इराकी सैनिकांना कामावर परत बोलवायच्या खटपटीत होते. म्हणजे अंगात गणवेश आहे की सूट हा मुद्दा नाही, त्या देशाची माहिती असलेल्यांचं ऐकलं जातं का हा आहे. परराष्ट्र खात्याने युद्धाआधी इराकी लोकांना बरोबर घेऊन युद्धानंतर काय करायचं याचा मोठा अभ्यास केला होता, पेंटॅगॉनने तो जवळपास बाजूलाच ठेवला.

मोझांबिकचं उदाहरण मला कायम धीर देतं. १९७७ पासून चाललेलं गृहयुद्ध, आणि करार झाला तो ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये, दोन वर्षांच्या बोलण्यांनंतर. मध्यस्थ होते सान्त एजिदियो या कॅथलिक संस्थेचे लोक, मोझांबिकमधल्याच बैरा शहराचे आर्चबिशप आणि एक इटालियन राजकारणी, कोणाकडेही बंदूक नाही. यूएनचे हजारो सैनिक आले ते त्यानंतर, शस्त्रं गोळा करायला, युद्धबंदी सांभाळायला, आणि १९९४ मध्ये निवडणूक झाली. त्या सैनिकांशिवाय करार टिकला असता असं मला वाटत नाही, पण आधी करार होता म्हणून त्यांना नेमकं काय सांभाळायचं हे माहीत होतं.

२०१३ मध्ये जनरल जेम्स मॅटिस सिनेटसमोर म्हणाले होते की परराष्ट्र खात्याला पुरेसे पैसे दिले नाहीत तर मला जास्त दारूगोळा घ्यावा लागेल. पुढे तेच संरक्षणमंत्री असताना सरकारने परराष्ट्र खातं आणि यूएसएड, म्हणजे परदेशांना विकासाची मदत देणारी सरकारी संस्था, यांच्या पैशात साधारण तीस टक्के कपात सुचवली, काँग्रेसने ती तेवढी होऊ दिली नाही. पण जुलै २०२५ मध्ये १९६१ पासूनचं यूएसएड बंदच झालं आणि उरलेलं काम परराष्ट्र खात्यात गेलं. त्यातली हजारो माणसं, ज्यांना एखाद्या जिल्ह्यातला पाण्याचा तंटा कोणाशी बोलून मिटेल हे माहीत होतं, ती नोकरीतून गेली, आणि अशी माणसं तयार व्हायला वीस वीस वर्षं लागतात.